रोजचे पाच किलोमीटर

"शालनताई, उद्या मी माहेरी चालले," म्हणत द्रौपदीने पिशवी खाली ठेवली. "यांनी बुद्धमूर्तीपुढे पाचवं शील घेतलं, दारूला शिवणार नाही म्हणून. आणि गुपचूप सोनिवलीच्या गुत्त्यावर जातात!"

पोरगी सहा महिन्यांची गरोदर. मधूला फार वाईट वाटलं. शालनताई गांगुर्डे खासगी डिटेक्टिव्ह आणि मधू त्यांचा मदतनीस. पण रडणं बघून पाघळायचं काम मधूचं, त्यांचं नव्हे.

"पुरावा?"

"मोटरसायकलचा मीटर. बेलवली ते उल्हासनगर कंपनी, जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटर. सोमवारपासून रोज तीस भरतात. घरून सोनिवली जाऊन-येऊन बरोब्बर पाच!"

"घरी यायला उशीर?"

"छे! सहाच्या ठोक्याला हजर. म्हणजे गाडी किती जोरात हाणत असतील! आधीच मला त्या वेगाची धडकी."

"मीटर खोटं बोलत नाही, ताई. माणूस बोलतो," मधू कुजबुजला.

बाहेर तिचा नवरा हरिचंद्र गाडीपाशी उभा होता, रडून डोळे सुजलेले. "आईशप्पथ, थेंब घेतला नाही!"

"गाडी कशी चालते?" शालनताईंनी विचारलं.

"उचलते मस्त. पण मीटर साठ दाखवतो नि टेम्पोवाले पुढे जातात. नशीबच फिरलंय साला."

शालनताईंनी मीटरच्या केबलवरून बोट फिरवत नेलं. केबल चाकाकडे न जाता इंजिनाच्या पोटात शिरली होती. मग त्यांनी मधूला हरिचंद्रच्या मागे बसवून रस्त्यालगतचे किलोमीटरचे दगड मोजायला पाठवलं. दगडांनी अंतर पाच किलोमीटर भरलं, मीटरवर सहा.

"बिघडलाय मेला!" मधू म्हणाला.

मग शालनताई आणि मधू उल्हासनगरला द्रौपदीच्या भावाच्या, बबनच्या गॅरेजवर गेले. "दाजी? सोन्यासारखा माणूस! रविवारी त्यांच्या गाडीचं ऑइल बदललं, बस्स. बाकी द्रौपदीताईला विचारा," म्हणून तो मान खाली घालून पाना पुसत बसला. खिळ्याला एक जुनं स्प्रॉकेट, चैनचं दातेरी चाक, लटकत होतं. शालनताईंनी दात मोजले. अठरा.

संध्याकाळी सगळे बेलवलीला जमले.

"मीटर बिघडलेला नाही," शालनताई म्हणाल्या. "या गाडीत तो गिअरबॉक्सवर चालतो. चैन फिरवणारं पुढचं स्प्रॉकेट अठरा दातांचं होतं, बबनने पंधराचं बसवलं. आता तेवढंच अंतर जायला गिअरबॉक्स जास्त फिरतो. पाचाचे सहा, पंचवीसचे तीस! गाडी उचलते छान, पण पळत नाही. वेगाची धडकी कुणाला होती, द्रौपदी?"

द्रौपदीने पदर तोंडाला लावला. "मीच सांगितलं बबनला, गाडीचा वेग कमी कर म्हणून. बाळाला बाप दिसायला हवा ना! यांना विचारलं असतं तर ऐकलं नसतं. मीटरचं मला काय ठाऊक?"

"अगं बाई," मधू पुटपुटला, "चोर सोडून संन्याशाला फाशी!" आपणही त्या संन्याशाला चोर म्हणालो होतो, हे आठवून त्याचे कान तापले.

बबनने खिशातून जुनं स्प्रॉकेट काढलं. "दाजी, अठराचं परत बसवू?"

हरिचंद्र बायकोजवळ गेला. मग तिची पिशवी उचलून त्याने आत नेऊन ठेवली.

"राहू दे पंधराचंच," तो आतून म्हणाला. "पोरगं मोटरसायकल चालवायला लागेपर्यंत राहू दे."