गाडीचं देहभान

"गाडीचं काम तुम्ही बाहेर करून घेतलंय. बदल केलेल्या गाडीचे सेन्सर आम्ही बघत नाही," शोरूमचा मॅनेजर चिवटे तिसऱ्यांदा म्हणाला.

"बाहेर केलं, कारण तुम्ही करून दिलं नाहीत!" यशोधरा मगदूम कडाडल्या.

त्यांची मुलगी रेवती व्हीलचेअरवर असे. इचलकरंजीच्या एका वर्कशॉपमधून त्यांनी मागची सीट काढून रॅम्प बसवून घेतला होता, म्हणजे रेवती खुर्चीसकट आत जाई. तेव्हापासून डॅशबोर्डवर लाल दिवा पेटला होता. तो दिवा पेटलेल्या गाडीसाठी हमरस्त्याच्या नाक्यावरचा दांडा उचललाच जात नसे. रेवतीचं लॉ कॉलेज त्या नाक्यापलीकडे होतं आणि परीक्षा तोंडावर आली होती.

त्या काळातल्या गाड्यांना देहभान असे. डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळतं ना, तसंच. पत्र्यात विणलेल्या बारीक सेन्सरमुळे गाडीला आपलं अंग कुठे संपतं आणि आत माणसं कुठे बसलीत हे जाणवे. धडक टळणार नसेल, तर ती क्षणात वळून माणूस नसलेली बाजू पुढे करी. अपघातात माणसं मरणं जवळपास थांबलं होतं. मात्र अंगात कुणी बदल केला, की गाडीला ती जखम वाटे. शोरूमवाल्यांना तेवढं निमित्त पुरे होतं.

दारात कुणाच्या तरी नव्या गाडीची पूजा चालली होती. यशोधराबाईंनी आपली गाडी त्या हार घातलेल्या गाडीपुढे आडवी लावली आणि किल्ली पदरात बांधली. नारळ फुटेना, गिऱ्हाईक चिडलं, तेव्हा कुठे चिवट्यानं कंपनीच्या शास्त्रज्ञांना बोलावलं.

डॉ. निनाद केळुसकर मवाळ माणूस. "गाडीला नवं अंग शिकवावं लागेल," ते म्हणाले. "पण ती एकदाच शिकते, कायमची. रॅम्प, पट्टे, खुर्ची, सगळं जागच्या जागी हवं."

गाडीत मागे खुर्चीवर बसलेली रेवती उतरण्यासाठी पट्टा सोडू लागली.

"असू दे हो, कशाला त्रास! बसा तुम्ही," केळुसकर घाईनं म्हणाले. घरी आलेल्या पाहुण्याला म्हणावं, तितक्या अगत्यानं. रेवतीही संकोचून बसून राहिली.

थोड्या वेळानं दिवा विझला. यशोधराबाईंना रडूच आलं. त्या स्टिअरिंगशी बसल्या आणि पडद्यावर अक्षरं उमटली. प्रवासी: एक.

"एक कसा? आम्ही दोघी आहोत."

केळुसकरांचा चेहरा पडला. "शिकताना जे जे आत होतं, ते ते गाडीनं आपलं अंग मानलं. तिच्या लेखी या आता माणूस नाहीत... एक भाग आहेत."

"आणि धडक होणार असेल तर?"

उत्तर रेवतीनंच दिलं. "मागे कुणी नाही असं समजून ती मागची बाजू पुढे करेल, आई. माझी बाजू."

"परत शिकवा तिला!"

"येत नाही. मीच त्यांना उतरू द्यायला हवं होतं."

चिवटे मात्र खूश होता. "मॅडम, दिवा विझलाय. दिवा नसेल तर तक्रार घेता येत नाही. गाडी दुरुस्त झाली, नाका उघडेल. आणखी काय हवं?"

यशोधराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीला वाचवायला बनवलेलं यंत्र तिलाच ढाल करणार होतं, आणि हा बाबा हसत होता! त्यांनी धाडकन रॅम्प उघडला. "उतर, रेवती."

खुर्चीची चाकं फरशीला टेकली मात्र, लाल दिवा भडकला, भोंगा किंचाळू लागला. वाहनाचा भाग गहाळ. वाहनाचा भाग गहाळ. पूजेचं ताट हातात घेतलेली माणसं दचकून मागे सरली.

"अहो, आधी त्यांना आत बसवा!" चिवटे कानांवर हात ठेवून ओरडला.

रेवती खुर्चीची चाकं फिरवत थेट त्याच्यासमोर आली. "मी गाडीचा भाग आहे ना? मग मला वॉरंटी आहे?"

सवयीनं चिवट्याची नजर हातातल्या पडद्याकडे गेली.

"नाही," तो म्हणाला. "हा भाग बाहेरून बसवलेला आहे."