सारख्याच उंचीची रेघ

"दादा गेला, पण लबाड म्हणून गेला. तेवढा डाग पुसा," कारखान्याच्या प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या मावशी म्हणाल्या.

तपास करणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत, कारण पिशवी घेऊन त्यांच्यामागे फिरणारा दीर तसं म्हणे. या भाऊजींचं डोकं सावकाश चाले, आणि हे त्यांना स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं.

मावशींचा दादा सलाइनच्या नळ्यांच्या त्याच कारखान्यात प्लास्टिक मिसळायचा. नळ्यांत बंदी असलेलं, प्लास्टिक मऊ करणारं द्रव्य सापडलं आणि भेसळीचा ठपका त्याच्यावर आला. नोकरी गेली. त्याने हाय खाल्ली आणि महिन्याभरात संपला.

मॅनेजरने हात झटकले. "रिपोर्ट आला, मी सही केली."

"हाच तो! नजर चुकवत होता," भाऊजी बाहेर येताच म्हणाले.

"लाज वाटली तरी माणूस नजर चुकवतो, भाऊजी."

प्रयोगशाळेत नळ्या तपासणाऱ्या तरुण तपासनीस बाईंनी आलेख पुढे केला. नळीचा तुकडा द्रावकात भिजवायचा, ते द्रावक यंत्रात सोडायचं. ज्या त्या पदार्थाची रेघ त्याच्या रेणूच्या वजनाच्या जागी उमटते.

"तुकडे किती मोठे होते?"

"एक नखाएवढा, एक बोटाएवढा, एक वीतभर. द्रावक तेवढंच. तिन्हींत बघा, रेघ अगदी सारखी. शंकेला जागाच नाही!"

"नुसतं द्रावक तपासलंत?"

"हो तर. खोक्यातल्या कोऱ्या बाटलीत. स्वच्छ निघालं."

"आणि तुकडे?"

"धुतलेल्या बाटल्यांत. मावशींच्या हातचं काम म्हणजे लख्ख."

धुण्याच्या खोलीत वरच्या फळीवर द्रावकाचा बुधला होता. त्यातून पारदर्शक नळी खाली आली होती, टोकाला चिमटा.

"खांदा धरलाय माझा, बुधला उचलवत नाही," मावशी म्हणाल्या. "दादानेच बाजारातली साधी नळी लावून दिली. शेवटचं विसळणं याच द्रावकाने."

"झकास युक्ती!" भाऊजी म्हणाले.

वहिनींनी नळी वाकवून पाहिली. वाकेना.

"आणली तेव्हा चांगली मऊ होती हो," मावशी म्हणाल्या.

वहिनी नळी सोडून बाहेर आल्या.

"सापडला ना लबाड?" भाऊजींनी विचारलं.

"लबाड कुणी नाहीच, भाऊजी. तेच वाईट आहे."

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत त्यांनी मॅनेजरला आणि तपासनीस बाईंना बोलावलं. मावशी होत्याच.

"द्रव्य तुकड्यातलं असतं, तर मोठ्या तुकड्याची रेघ उंच आली असती. तिन्ही सारख्या, म्हणजे ते बाटलीतून आलं. कोरी बाटली स्वच्छ. दोष धुतलेल्या बाटलीत. आणि ही नळी आधी मऊ होती, आता ताठ आहे. तिचा मऊपणा द्रावकाने ओढून घेतला आणि बाटल्यांना लावला."

या वेळी भाऊजींना वाक्य संपायच्या आत कळलं, आणि कळलं नसतं तर बरं, असं वाटलं.

तपासनीस बाईंनी धुतलेल्या रिकाम्या बाटलीत नुसतं द्रावक घालून तपासलं. तीच रेघ, तेवढीच उंच. त्या रडू लागल्या. "हे मी तेव्हाच करायला हवं होतं." मॅनेजरने ठपका मागे घेतल्याचं पत्र तिथेच लिहिलं.

"म्हणजे माझ्या खांद्यापायी..." मावशी म्हणाल्या.

"नाही, मावशी. चूक तपासणीची. दादाने फक्त बहिणीची काळजी घेतली."

मावशींनी पत्र दोनदा वाचलं. मग नळी सोडवली, गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवली आणि बुधला उतरवायला दोन्ही हात वर केले. भाऊजी मदतीला धावले, पण त्यांनी हात लावू दिला नाही.