चार दहाची विचारणा

थोरलीच्या ऑफिसात कामाचं मोजमाप रिक्वेस्टमध्ये व्हायचं. चाळीस हजार बेपत्ता माणसं, प्रत्येकाला एक नंबर, आणि प्रत्येक नंबराबद्दल नोंदणी केंद्राच्या सर्व्हरला रोज एकच प्रश्न: सापडला का? आधीच्या माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम दर प्रश्नाला नवं कनेक्शन जोडायचा, उत्तर घ्यायचा, तोडायचा. शेजारणीकडे साखर, मग चहापत्ती, मग दूध मागायला तीनदा जिना चढणाऱ्या बाईसारखा. दुपारपर्यंत सर्व्हर धापा टाकायला लागायचा, आणि मग 'थांबा' एवढंच उत्तर द्यायचा.

केंद्रावरच्या नोंदणीवाल्यांचा फोन यायचा. "ताई, तुमच्या प्रोग्रॅमला जरा दम धरायला शिकवा. आमच्या दारात दुसरीही माणसं उभी असतात."

थोरलीनं शिकवलं. कनेक्शन एकदाच जोडायचं आणि उघडं ठेवायचं. एका रिक्वेस्टमध्ये शंभर नंबर. सगळी नोंद मागायची नाही, मागच्या वेळेपासून काही बदललं का, एवढंच विचारायचं. आणि ज्याचं उत्तर 'बदल नाही' येईल, त्याला पुढच्या वेळी दुप्पट दिवसांनी विचारायचं: एक, दोन, चार, आठ. वर्षानुवर्षं ढिम्म न हललेल्या नोंदींवर रोजचा वेळ कशाला घालवायचा? साहेबांनी पाठ थोपटली.

त्या ढिम्म नंबरांत एक धाकट्याचा होता. अकरा वर्षांपूर्वी सकाळी कामावर निघालेला भाऊ.

आई रोज दुपारी चार दहाला ऑफिसात फोन करायची.

"विचारलंस का?"

"विचारलं. बदल नाही."

"बरं."

संपलं. अकरा वर्षांत तिनं 'तू कशी आहेस' असं विचारल्याचं थोरलीला आठवत नव्हतं, आणि अशा बाबतीत थोरलीची आठवण पक्की होती. एकदा ती म्हणालीही, "माझी कधी चौकशी केलीस?"

"तू काय हरवलीयेस?" आई म्हणाली. "तुझा पत्ता मला ठाऊक आहे."

दुप्पट होता होता धाकट्याची पाळी चौसष्ट दिवसांवर गेली. तरी थोरली रोज "विचारलं" म्हणत राहिली. त्या चौसष्ट दिवसांतच एके दुपारी साडेचार वाजून गेले तरी फोन आला नाही. थोरली घरी पोचली तेव्हा आई खुर्चीतच होती. फोन मांडीवर.

तीन आठवड्यांनी नोंदणीवाले बोलले, "ताई, बाकी सगळे शहाणे झाले. हा एक नंबर तेवढा रोज विचारताय." त्यांनी नंबर वाचायला घेतला. पुढचे आकडे थोरलीनंच पुरे केले.

"किती वाजता येतो?"

"चार दहाला. आज एकविसावा दिवस."

आई जाऊन बावीस दिवस झाले होते.

थोरलीनं प्रोग्रॅम ओळ न ओळ तपासला. धाकट्याची पाळी अजून पाच आठवडे लांब होती. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिनं प्रोग्रॅम बंद केला, मशीनची वायर ओढून काढली आणि फोन कानाला लावून बसली.

"आला," नोंदणीवाले म्हणाले.

"माझं मशीन बंद आहे."

"तुमच्याच कनेक्शनवरून आलाय, ताई. तुम्ही उघडं ठेवलेलं."

थोरलीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तोडू का?" नोंदणीवाल्यांनी विचारलं.

थोरलीनं हातातल्या वायरीकडे पाहिलं. "राहू दे."

सदतिसाव्या दिवशी विचारणा आली नाही.

तिनं स्वतः धाकट्याची पूर्ण नोंद मागवली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती बदलली होती.

स्थिती: नातेवाइकांच्या ताब्यात दिले. नातं: आई. वेळ: दुपारी चार दहा.

"कुठल्या केंद्रातून दिलं?" तिनं फोनवर विचारलं.

"शिक्का आहे, ताई. केंद्राचा रकाना रिकामा आहे."

त्या दिवशी थोरली पोटभर रडली. दोघं भेटली म्हणायची, असा तिनं मनाशी हिशेब मिटवला आणि किती वर्षांनी तरी गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी चार दहा झाले आणि फोन वाजला. नोंदणीवाल्यांचा आवाज खाली गेलेला.

"त्याच कनेक्शनवर नवी विचारणा आहे. नंबर नाही. नुसतं वर्णन."

"वाचा."

"मुलगी. वय बेचाळीस. चष्मा. डाव्या भुवईत टाक्याची खूण." ते अडखळले. "पुढे लिहिलंय, जिन्यावरून पडली असं सगळ्यांना सांगितलं. माझ्या हातून लागलं होतं."

थोरलीचा हात भुवईकडे गेला.

"काय उत्तर दिलंत?"

"सर्व्हर आपोआप देतो. अशी नोंद नाही, म्हणून."

"पुन्हा कधी विचारणार, ते लिहिलंय?"

"उद्या. चार दहाला."

दुप्पट थांबणं आईला कधी जमलंच नव्हतं.