वाकून बोला

पहिल्या दिवशी तो नुसताच काचेशी बोलत होता.

"खाली भोक आहे, तिथून बोला. वाकून!" ती म्हणाली.

तो वाकला. "तुम्हीही वाका की. तुमचाही आवाज येत नाहीये."

ती वाकली. दोघांचे चेहरे वीतभर अंतरावर आले आणि तिला उगीचच हसू फुटलं... ते फार टिकलं नाही.

वीर्यदात्यांच्या नोंदणी कार्यालयात ती कारकून. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. शिकत असताना त्यानं वीर्यदान केलं होतं. आता त्याचा धाकटा भाऊ हृदयविकारानं गेला होता आणि तोच आनुवंशिक आजार त्याच्यातही निघाला होता. लहानपणीच कळलं तर गोळ्यांवर निभावतं, म्हणून त्याला आपल्या दानातून जन्मलेल्या मुलांना सावध करायचं होतं. त्याचा अर्ज तिनंच भरला, डॉक्टरांनी त्याला दिलेल्या मुदतीसकट. सात घरं इथली. त्यांना पत्रं गेली. चार मात्र सीमेपलीकडची. तिथला कायदा दात्याकडून एक ओळही पोचू देत नव्हता. तिच्या साहेबांनी हात वर केले.

तो दर सोमवारी येऊ लागला.

"काय म्हणतात पलीकडचे, खिडकीबाई?"

"आजही काही नाही, सोमवारवाले."

"मग उद्या येऊ?"

"उद्या कशाला?"

"उत्तर नाही तर नाही... तुम्ही वाकता तरी."

ती लाजली. तेवढ्यात तिला दिसलं, की एकच मजला चढून त्याचे ओठ निळे पडले होते. तिचा त्याच्यावर जीव जडला होता, आणि ते चार पत्ते तिच्याच कपाटात होते.

तिनं चार पत्रं लिहिली, खाली स्वतःची सही केली. टपालपेटीपर्यंत जाऊन दोनदा परत आली, तिसऱ्यांदा टाकली.

मग एका सोमवारी खिडकीत दुसरंच कुणी होतं. ती बाहेरच्या बाकावर बसली होती.

"काढून टाकलं मला. तीन घरांतून उत्तरं आलीत... मुलांच्या तपासण्या सुरू झाल्या."

"आणि चौथं?"

"आईनं लिहिलंय. मुलगी आठ वर्षांची होती. खेळता खेळता कोसळली... पत्र पोचायच्या अकरा दिवस आधी." तिला हुंदका आवरेना. "आणि ती पत्रं तीन आठवडे माझ्या पर्समध्ये होती."

तो कितीतरी वेळ रडत राहिला. उठून मात्र गेला नाही. शेवटी सवयीनं तिच्याकडे वाकला.

"माझं किती उरलंय, कुणास ठाऊक, खिडकीबाई..."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली आणि तीही वाकली. "तुमचा अर्ज मीच भरलाय."