तेंग पाण्यात गेलाच नव्हता

माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत हे घडलंय. कुणी हसलं तरी हसू दे.

गाव नोंगखाय, मेकाँग नदीच्या काठावरचं. मागच्या उन्हाळ्यातली भर दुपार होती.

मी सिनेमाचं एडिटिंग करते. तेव्हा दिग्दर्शक खचोनदादाच्या सिनेमाचं काम चालू होतं. त्याचे सिनेमे स्वप्नासारखे... कुठलं दार कुठे उघडेल, सांगता यायचं नाही. या सिनेमातल्या नायकाला रोज एकच स्वप्न पडतं आणि तो त्यातून सुटायची धडपड करतो. नायकाचं काम माझा धाकटा भाऊ तेंग करत होता.

शेवटच्या सीनला दादा त्याला म्हणाला होता, "घाटावर उभा राहा. पुढे काय करायचं ते तुझं तू ठरव."

तेंग क्षणभर थांबला, पाठ फिरवली आणि सरळ कॉफीच्या टपरीकडे निघून गेला. मी तिथेच होते. सगळ्या युनिटने पाहिलं.

पण त्या दुपारी मी तो शॉट लावला...

पडद्यावर तेंग नदीत उतरत होता.

गुडघे. कंबर. छाती.

मग डोकंही दिसेना.

आवाज काहीच नाही. नदीचासुद्धा नाही.

मी दोघांना बोलावून दाखवलं. दादा पांढराफटक पडला. तेंग मात्र हसला.

"ताई, मला पोहता तरी येतं का? मी कशाला मरायला जाऊ पाण्यात?"

"थट्टा पुरे. नदीपासून लांब जा."

"जातो की मावशीकडे. तिथे नळालाही पाणी नसतं. बुडायचं म्हटलं तरी जमणार नाही!"

तो रोई-एतला मावशीकडे गेला. दुसऱ्या सकाळी मी शॉट पुन्हा लावला.

नदी नव्हती.

मावशीचं अंगण होतं. पावसाचं पाणी साठवायचे तिचे छातीएवढे रांजण... आणि त्यांच्यापाशी उभा तेंग. कानाला फोन.

बराच वेळ तो ऐकत राहिला. मग फोन बाजूला ठेवला आणि रांजणात वाकला.

वर आलाच नाही.

"कुणाशी बोलतोय तो?" दादाने विचारलं.

"माझ्याशीच. घाबरला की मलाच फोन करतो."

"मग तू काय सांगतेस त्याला?"

"कळत नाही ना! आवाजच नाहीये."

मी मावशीला फोन लावला. "तेंगला अंगणात जाऊ देऊ नकोस."

"अगं, झोपलाय तो. सिनेमे करून करून डोकं फिरलं का तुझं?"

आम्ही लगेच गाडी काढली.

वाटेत माझा फोन वाजला.

तेंग.

"उचल!" दादा ओरडला.

"नाही. मी बोललेच नाही, तर तो शॉट घडणारच नाही."

फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. मग... शांत.

आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. मावशी बाजारात गेली होती. परत आली तेव्हा तिला रांजणातून वर आलेले पाय दिसले. आत जेमतेम अर्धा रांजण पाणी. पाणी घ्यायला वाकला आणि चक्कर आली असेल, असं पोलीस म्हणाले.

नोंगखायला परतल्यावर दादाने तो शॉट लावला. या वेळी आवाज होता.

फोनची रिंग.

वाजतेय... वाजतेय... कुणी उचलत नाही.

दादाने माझ्यादेखत सगळं पुसून टाकलं.

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. तेंगच्या नावाने भिक्खूंना जेवण आहे, ये म्हणाली. त्याच संध्याकाळी कॉम्प्युटर उघडला, तर तो शॉट समोर.

मावशीचं अंगण. रांजणापाशी एक बाई, पाठमोरी. अंगात माझा ब्लाऊज.

मी येत नाही, असं मावशीला कळवून टाकलं. ती रडली, तरी बधले नाही.

आज सकाळी शॉट पुन्हा पाहिला.

आता अंगण नाही.

माझी खोली आहे.