परत न आलेला प्रवाह

“चुंबकदर्शी घरी नेतेयस, ने. पण दुसऱ्याच्या घरावर रोखू नकोस,” विशाखाच्या संशोधन संस्थेतले तिचे साहेब डॉ. हळबे म्हणाले होते. तिनं हसून ते कानाआड केलं. संस्थेत बनवलेली ती पंज्याएवढी उपकरणं भिंतीत दडलेल्या तारांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजायची. खिळा ठोकण्याआधी तार कुठं आहे ते कळावं, एवढाच त्यांचा उपयोग. आणि भिंत तर तिची स्वतःचीच होती. पलीकडं कुंदाताईंचं घर होतं, हा काय तिचा गुन्हा?

कुंदाताई एकट्या राहायच्या आणि विशाखाच्या दीड वर्षांच्या इराला दिवसभर सांभाळायच्या. त्यांच्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि नेमकं तेच विशाखाला सोसत नव्हतं. संध्याकाळी न्यायला गेलं की इरा त्यांच्या पदरात तोंड लपवायची. त्यांच्याकडचा वरणभात बोटं चाटून संपवायची, आईच्या हातचा घास मात्र फुर्रकन बाहेर. ताप आला तेव्हा तर आईच्या कडेवर असूनही पोरीनं हात पसरले ते भिंतीच्या दिशेनं, “कुदा, कुदा” करत.

त्यानंतर दोन चुंबकदर्शी लागले. एक भिंतीला, दुसरा थोडा मागं, कपाटाच्या दारावर. नोंदी थेट मोबाइलवर यायच्या. रोज दुपारी एक रेघ उसळी घ्यायची आणि बऱ्याच वेळानं खाली यायची. विशाखानं कॉलेजात घोकलेलं सूत्र लावलं. सरळ तारेभोवतीचं क्षेत्र प्रवाहाबरोबर वाढतं आणि अंतराबरोबर घटतं. भिंतीच्या जाडीवरून तारेचं अंतर धरलं, अंतर आणि मापावरून प्रवाह निघाला. जेमतेम अर्धा अँपिअर.

म्हणजे टीव्ही! पलीकडं न्हाणीघर होतं खरं, पण तार तिथून पुढं हॉलमध्ये जात असणार, असं तिनं स्वतःला पटवलं. बाई टीव्ही बघत बसतात आणि माझी पोर वाऱ्यावर. राग यायला हवा होता. पण हायसंच वाटलं.

आज सकाळी तिनं विचारलंच. “कुंदाताई, दुपारी टीव्ही किती वेळ चालतो हो?”

“टीव्ही? अगं, तो गणपतीपासून मेलाय. त्याच्यावर मी इराची झबली वाळत घालते.”

“असं? मला वेगळंच कळलंय.”

“कुणी सांगितलं गं?”

विशाखानं रडत्या इराला उचललं आणि थेट पाळणाघर गाठलं.

दुपारी संस्थेत तिनं विजयी मुद्रेनं मोबाइल हळब्यांपुढं धरला. “बघा सर. आज मूल नाही, तरी टीव्ही चालूच.”

हळबे चहाचा घोट घेत म्हणाले, “कुणाची भिंत ते विचारत नाही. पण घरात तार एकटी असते का गं? जाणारी आणि येणारी, दोघी एकमेकींना बिलगून असतात. प्रवाह उलट दिशांचे, म्हणून एकीचं क्षेत्र दुसरी खोडून टाकते. टीव्ही लाव, मिक्सर लाव, बाहेर जवळजवळ काहीच उरत नाही.”

“मग हे काय उरलंय?”

“मागच्या उपकरणावर किती आलं?”

“अंतर दुप्पट, क्षेत्र निम्मं. अगदी चोख!” ती अभिमानानं म्हणाली.

हळब्यांनी कप खाली ठेवला. “निम्मं? जोडी असती तर जे थोडं उरतं, तेही दुप्पट अंतरावर चौथाई झालं असतं. निम्मं उरतं ते एकट्या तारेचं. विशाखा, हा वापरलेला प्रवाह नव्हे. हा गेलेला आणि त्या वाटेनं परत न आलेला प्रवाह आहे. दुसरीकडून जमिनीत उतरतोय. भिंतीपलीकडं काय आहे?”

“न्हाणीघर.”

“गिझर! आतली पाणी तापवणारी कांडी फुटली असणार. पाण्यात वीज, नळात वीज. जुन्या इमारतीत गळती पकडणारी कळ नसते, आणि एवढ्याशानं फ्यूजही उडत नाही. माणसाला मात्र याचा दहावा हिस्सा पुरतो.”

विशाखानं मोबाइल परत ओढून घेतला. त्या घरात धड चाललेलं काहीच उपकरणाला दिसलं नव्हतं. दिसला तो फक्त बिघाड, आणि तो पाहून ती सुखावली होती.

रेघ अजून वरच होती. कुंदाताईंचा फोन नुसता वाजत राहिला. तिनं वॉचमनला फोन लावला. “बलभीम, कुंदाताईंच्या मीटरची मेन कळ पाड.”

“ओरडतील की हो त्या, मॅडम.”

“आधी पाड, मग विचार! आणि वर जाऊन बघ!”

रेघ शून्यावर आली.

रिक्षातून ती पोहोचली, तेव्हा कुंदाताई न्हाणीघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. उजवा तळवा भाजून काळा पडला होता. बलभीमनं ॲम्ब्युलन्स बोलावली होती.

“नळाला हात चिकटला, बाई,” त्या पुटपुटल्या. “लाइट गेली नि सुटला.”

“आधी कधी झिणझिण्या आल्या नव्हत्या?”

“यायच्या की. वायरमन उद्या येतो, परवा येतो करतोय. इरा असली की मी गिझर बंद करून, रबरी चप्पल घालून बादली भरायची आणि तिला हॉलमध्ये न्हाऊ घालायची. आज ती नव्हती. म्हटलं, आपल्या एकटीसाठी कशाला एवढं.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू टीव्हीचं विचारलंस गं,” त्या म्हणाल्या. आणि लगेच, “पोरगी जेवली का?”

विशाखाला ते ठाऊक नव्हतं. आणि त्या क्षणीही, त्या भाजलेल्या हाताकडं बघताना, तिला तेच जुनं सोसेना, की हा प्रश्न आपल्याआधी त्यांना सुचला.

तुमचं मूल आत्ता ज्यांच्यापाशी असेल, त्यांना फोन करा. मुलाचं नंतर विचारा. नळाला हात लावताना झिणझिण्या येतात का, एवढं आधी विचारा. आणि फोन उचलला नाही, तर वाट पाहू नका, उठा आणि जा.