रक्तपाकोळीचा घास

धाकटीच्या पायातल्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होत होत्या आणि कुठलंच औषध लागू पडत नव्हतं. म्हणून तर ताई आणि धाकटीचा नवरा त्या खोल विवरात दोराने उतरले होते. रक्तपाकोळी, म्हणजे रक्त पिणारं वटवाघूळ, जिवंत पकडून न्यायची! तिच्या लाळेने रक्त गोठत नाही. त्या लाळेतूनच औषध काढायचं. ताई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. धाकटीचा नवरा कुठल्याही कड्याला चिकटायचा, म्हणून ती त्याला घोरपड म्हणायची.

निघताना धाकटी एवढंच म्हणाली होती, "ताई, ह्याला सांभाळून आण गं."

विवराच्या छताला मांजराएवढ्या पाकोळ्या जोडीजोडीने लटकल्या होत्या. एखादी उपाशी परतली, की जोडीदारीण तिच्या तोंडात आपल्या पोटातलं रक्त ओकायची, आणि पोटात लाळेचा गुण मरून ते डिंकासारखं घट्ट होऊन यायचं. ताई हरखून बघतच राहिली.

घोरपडीने जाळं फेकलं. एक सापडली! पण ती उपाशी होती, मान टाकत होती.

"वर पोचेपर्यंत मरेल ही," ताई म्हणाली. "हिला आत्ताच घास हवा."

"एवढंच ना?" त्याने बाही वर सरकवली. "चार थेंबांनी मी काय वाळून जाणार आहे?"

जखम वाहतच राहणार, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. शब्द ओठांवर आले आणि तिने ते गिळले. स्वतःची बाही मात्र तिने सरकवली नाही. उलट, सुई टोचण्याआधी पुसायची रोजची सवय! तिने त्याचा हात स्पिरिटने पुसला. अक्कल प्रयोगशाळेतच ठेवून आली होती बाई!

त्याने हात पुढे केला; पाकोळीच्या जिभेला स्पिरिट झोंबलं आणि ती चवताळली. एरवी नुसता ओरखडा काढून चाटणारं जनावर. आज मात्र तिने दातच रोवले! मांस फाटलं. पाकोळी अधाशासारखी प्यायली. ताईने तिला ओढून पिंजऱ्यात कोंबलं, जखमेवर पट्टी बांधली. भिजली. दुसरी बांधली. तीही भिजली!

"ताई, मला दोर दोन दिसायला लागलेत," तो हसत म्हणाला आणि मटकन खाली बसला.

देवा, काय करून बसले मी! मग तिला ते घट्ट रक्त आठवलं. पण पाकोळी ओकणार ती जोडीदारणीसाठीच. म्हणजे पिंजरा उघडायचा, आणि धाकटीचं औषध हातचं घालवायचं.

तिने पिंजरा उघडला.

पाकोळी सरसर भिंत चढली. हाताच्या अंतरावरच्या कपारीत तिची जोडीदारीण भुकेने चिरकत होती. तोंडाला तोंड लागलं, लाल गोळा बाहेर आला. ताईने मध्येच हात घातला! बोटांत दात घुसले. घुसू देत! तिने गोळा त्याच्या जखमेत दाबून धरला. रक्त मंदावलं. थांबलं! उरलंसुरलं तिने आपल्या बोटांना फासलं.

घरी धाकटी सुजलेला पाय उशीवर ठेवून वाट बघत होती. तिने रिकामा पिंजरा पाहिला, मग नवऱ्याचा बांधलेला हात.

"माझीच हौस नडली," तो म्हणाला. "ताई नसती तर मी आलोच नसतो." त्याला बिचाऱ्याला काही कळलंच नव्हतं.

धाकटीने ताईचा हात हातात घेतला. "औषधाचं राहू दे गं. माझं माणूस आणलंस, तेवढं पुरे."

ताईला हात सोडवून घ्यायचा होता. पण धाकटीने तो घट्ट धरून ठेवला होता.